मोडलेला देश उभा करायचाय? मग एवढं कराच

परवा पुण्यात एका चकचकीत हॉटेलात युद्धानंतरच्या पुनर्बांधणीवर परिसंवाद होता, ओळखीतल्या कुणीतरी पास दिला म्हणून गेलो. आता युक्रेनचा नंबर आहे, गाझाचा आहे, कामं भरपूर निघणार, त्यामुळे हॉलमध्ये वातावरण लग्नाच्या बोलणीसारखं. अफगाणिस्तानवर मात्र एकच स्लाइड. वर मोठ्या अक्षरात 'लर्निंग्ज', खाली चार बुलेट. म्हटलं अमेरिकेचं तिथलं वीस वर्षांचं शिक्षण चार बुलेटमध्ये उरकतायत, तर आपणच नीट लिहून काढू. तुमच्याकडे एखादा मोडका देश आणि दुसऱ्या कुणाचा तरी टॅक्स असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी पैसे मंजूर करा. गरज काय आहे ते नंतर बघता येतं. अमेरिकेने २००२ पासून अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीला १४० अब्ज डॉलरच्या वर मंजूर केले, त्यातले निम्म्याहून जास्त तिथलं लष्कर आणि पोलीस उभे करायला. आता एवढा पैसा वर्षाच्या आत संपवायचा म्हणजे खायचं काम नाही. आपल्याकडे मार्च एंडला चांगला रस्ता उखडून परत करतात ना, तसं, फक्त डॉलरमध्ये आणि वर्षभर. प्रोजेक्ट चांगला चाललाय की नाही हे कसं ओळखायचं? खर्च किती झाला ते बघायचं. झाला? मग चांगला चाललाय.

इमारत नको असं कुणी म्हणालं तर ती नक्की बांधा. हेलमंद प्रांतातल्या अमेरिकी तळावर, कॅम्प लेदरनेकमध्ये, ६४ हजार चौरस फुटांचं मुख्यालय असंच झालं. तिथल्या जनरल लोकांनीच २०१० मध्ये सांगितलं होतं की आम्हाला नकोय. तरी साडेतीन कोटी डॉलर घालून बांधलं, आणि ते कुणी वापरलंच नाही.

तज्ज्ञ माणसं दर वर्षी बदला, म्हणजे प्रत्येक चूक नव्या उत्साहाने होते.

युनिफॉर्म निवडताना हवामान वगैरे बघू नका. अफगाणिस्तानात जंगल जेमतेम दोन टक्के, तरी सैनिकांना घनदाट जंगलातला हिरवा कॅमोफ्लाज दिला. का, तर तिथल्या मंत्र्यांना इंटरनेटवर ते डिझाइन आवडलं. वाळवंटात हिरवागार सैनिक कसा उठून दिसतो!

शेतीत सोयाबीन घ्या. ३.४ कोटी डॉलर घातले, पीक तिथल्या हवेत नीट येईना, लोकांना चव आवडेना, आणि कारखाना चालवायला सोयाबीन शेवटी अमेरिकेतूनच आणावं लागलं. लातूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला फोन केला असता तर त्याने फुकटात सांगितलं असतं, पण फुकटातल्या सल्ल्याचं बिल कसं लावणार?

आता मुख्य टिप, लष्करी मदत. इथे नियम एकच, असं काहीतरी द्या जे त्यांना तुमच्याशिवाय चालवता येणार नाही. सुरुवातीला जरा गल्लत होते, इटलीची जुनी मालवाहू विमानं घेऊन दिली, सगळा कार्यक्रम जवळपास ५५ कोटी डॉलरचा, सुटे भाग मिळेनात म्हणून काबूल एअरपोर्टच्या कडेला १६ विमानं उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली, सहा सेंट पाउंड भावाने. भंगारवालासुद्धा लाजला असेल. पण खरी कमाल हेलिकॉप्टरची. अफगाण पायलट आणि मेकॅनिकांना रशियन एमआय-१७ सोव्हिएत काळापासून पाठ, उंच डोंगरात चालतं, जास्त वजन उचलतं, आणि देखभालीचं बहुतेक काम ते स्वतःच करायचे. ही हेलिकॉप्टरं पेंटॅगॉननेच, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच, रशियाकडून विकत घेऊन दिलेली होती हो! मग २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावला, वॉशिंग्टनमध्ये खासदारांची ओरड आणखी वाढली की रशियाला पैसे का, आणि उत्तर असं निघालं की अफगाणांना अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर द्या, जे कनेक्टिकटमध्ये बनतं, डोंगरात कमी वजन उचलतं आणि ज्याची देखभाल करायला अफगाण मेकॅनिक तयारच नव्हते, ते तयार व्हायला कित्येक वर्षं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून देखभाल अमेरिकेच्या पैशाने आणलेले कॉन्ट्रॅक्टर करणार. बरं, केलं. मग फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्यात तालिबानशी करार केला, काबूलच्या सरकारला त्या टेबलावर खुर्चीसुद्धा नव्हती, आणि त्या करारात लिहून दिलं की सैन्याबरोबर कॉन्ट्रॅक्टरही जाणार. म्हणजे आधी असं यंत्र दिलं जे तुमच्या माणसाशिवाय चालत नाही, आणि मग तुमचा माणूस काढून घेतला. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बायडन टीव्हीवर सांगतात, अफगाण सैन्यालाच लढायचं नव्हतं.

असो. तपासनीस नेमायला विसरू नका. अमेरिकेने २००८ मध्ये खास महानिरीक्षक नेमला, म्हणजे पैसे वाटायला सुरुवात झाल्यावर काही वर्षांनी. त्या कार्यालयाने वर सांगितलेलं बरंचसं लिहून ठेवलंय, फुकट वाचायला आहे. वाचू नका.

आणि 'लोकल ओनरशिप', म्हणजे सगळं स्थानिकांच्या हातात, हा शब्द दर दहा मिनिटांनी वापरा. परवा तेच चाललं होतं. शेवटी एका अफगाण मुलाला माइक दिला, इथे पुण्यातच एमए करतोय. तो शांतपणे सांगायला लागला की त्याच्या गावात शाळा कागदावर होती, शिक्षकांचे पगार निघायचे, इमारत नव्हती. तेवढ्यात सूत्रसंचालक बाई, "खूप छान, पण आपण वेळेअभावी..." आणि आभार प्रदर्शन. आभार मात्र निवांत चाललं, फुलं देणाऱ्यांपासून साउंडवाल्यापर्यंत.

बास झाली चेष्टा. चहाच्या वेळी एकाने मला सांगितलं, "त्या लोकांनाच सुधारायचं नाहीये हो." त्या लोकांचे सैनिक आणि पोलीस मिळून ६० हजारांच्या वर मेले. काहींचे पगार महिनोन् महिने वरच्यांनी खाल्ले तरी ते चौकीवर उभे होते. आणि सगळं संपल्यावर त्यांच्याच मध्यवर्ती बँकेचे ७ अब्ज डॉलर अमेरिकेने गोठवले, त्यातले निम्मे ११ सप्टेंबरच्या खटल्यांसाठी बाजूला काढले, त्या १९ हल्लेखोरांत एकही अफगाण नसताना. याला मदत म्हणतात?

आपणही फार हसू नका. हेरातचं सलमा धरण, झरंज ते देलाराम रस्ता, काबूलचं संसद भवन, हे आपण बांधलं, त्या रस्त्यावर आपली माणसं मारली गेली, आणि त्याचा मला अभिमान आहे. २०१९ मध्ये ट्रम्पने आपल्या तिथल्या लायब्ररीची टिंगल केली तेव्हा सगळ्यांना केवढा राग आला होता. पण ऑगस्ट २०२१ मध्ये आपणच भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसे एका फटक्यात रद्द केले. त्यात आपणच स्कॉलरशिप दिलेली पोरं होती, कोविडमध्ये घरी गेलेली, ती तिकडेच अडकली. त्याचा राग कुणाला आला? तिकडे मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे, त्यावर तुम्ही स्टेटस ठेवता, रडका इमोजी टाकता, आणि त्याच देशातली एखादी मुलगी तुमचा टू बीएचके भाड्याने मागायला आली की "सोसायटीचा नियम आहे" म्हणून फोन ठेवून देता. लाज वाटू द्या जरा.