लीडर घडवून मिळतील (दोन दिवसांत, चहा-नाश्त्यासह)

मार्च तोंडावर आलाय, ट्रेनिंगच्या खात्यात चार-साडेचार लाख पडून आहेत, आणि शेठनी लिफ्टमध्ये जाता जाता विचारलंय, "आपले मॅनेजर लीडर कधी होणार?" घाबरू नका. कारखाना बडोद्याच्या मकरपुऱ्यात असो, वाघोडियाला असो की नंदेसरीला, लीडर घडवायची रीत एकच आहे. गेल्याच शनिवार-रविवारी पावागढच्या पायथ्याशी ती पुन्हा अंगावर घेऊन झाली. गुडघे अजून बोलतायत.

आधी रिसॉर्ट ठरवा, विषय मागाहून. मॅनेजरांना नेमकं काय जमत नाही, हे चुकूनही विचारू नका, कारण उत्तरं फार किरकोळ निघतात. पाळी बदलताना पुढच्याला धड निरोप देता येत नाही. हाताखालच्या माणसाची चूक सांगायची वेळ आली की एक तर ओरडतात, नाही तर गिळून गप्प बसतात. काम वाटून देणं जमत नाही, म्हणून रात्री दहाला स्वतःच डिस्पॅचची चलनं तपासत बसतात. आता याचा बॅनर काय छापणार? बॅनरवर 'व्हिजन' शोभतं.

तारीख साप्ताहिक सुट्टीचीच धरा. नवरात्र आणि उत्तरायण तेवढं सोडा, तेव्हा बडोद्यात ट्रेनरसुद्धा सापडत नाही.

माणसं पन्नास न्या. अवघड बोलणं कसं करावं, हे खरंच शिकवायचं तर वीस-बावीसच्या वर माणसं नकोत. प्रत्येकाला दोन-तीनदा करून बघावं लागतं आणि कुणी तरी शेजारी बसून 'इथे चुकलास' म्हणावं लागतं. पण ट्रेनर दिवसाचे पैसे घेतो, माणशी नाही. वर 18 टक्के जीएसटी. बस भरूनच न्यायला हवी.

स्वभावाची चाचणी घ्याच, ती चार अक्षरांची, 16 प्रकारांची. ही चाचणी काढणारे मायर्स-ब्रिग्जवाले स्वतःच सांगतात की नोकरभरतीसाठी ती वापरू नका, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा दिली तर त्याच माणसाचं एखादं अक्षर पालटूही शकतं. तुम्ही मात्र त्यावरून बढत्या ठरवा.

'थ्री-सिक्स्टी' तर हवंच, म्हणजे मॅनेजरबद्दल वरच्यांचं, बरोबरीच्यांचं आणि हाताखालच्यांचंही मत घेणं. हाताखालच्यांचं मत गुप्त राहायचं तर किमान तिघांची उत्तरं एकत्र करून दाखवतात. तुमच्या क्वालिटीत माणसं दोनच? चालतंय की! अहवाल आला की केबिनमध्ये बोलावून विचारा, "हे वाक्य तुझंच ना?" पुढच्या वर्षी सगळ्यांना पाचपैकी पाच.

कोच नेमताना किती तास कोचिंग केलंय ते विचारू नका. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन अगदी पहिल्या पायरीलाही 100 तास मागते, मधल्या पायरीला 500. आपल्याला व्हिजिटिंग कार्ड जाड असलं की पुरे.

पहिल्याच स्लाइडवर 70-20-10 येईल, टाळ्या वाजवा. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपने वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्ही शिकलात कुठे? बहुतेकांनी सांगितलं, अंगावर पडलेल्या अवघड कामातून, मग माणसांकडून, वर्गात सगळ्यात कमी. त्याचेच हे गोळाबेरीज टक्के, त्याच क्रमाने. एवढं सांगून झालं की ट्रेनर उरलेले दोन दिवस त्या दहातच घालवतो.

ट्रेनिंगच्या मोजमापाचं म्हणाल, तर डोनाल्ड कर्कपॅट्रिकने 1959 मध्येच चार पायऱ्या सांगून ठेवल्यात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, धंद्यात फरक पडला का. पहिलीवर थांबा. फॉर्म आइसक्रीमबरोबर वाटा.

शेवटचं सत्र 'ओनरशिप'चं ठेवा. त्याआधी तराफा: चार पिंपं, सहा बांबू, दोर. तळं पार झालं की "काय शिकलात?" सगळ्यांनी एका सुरात "टीमवर्क!" म्हणायचं. सोमवारी कन्व्हेयरचं 6205 नंबरचं बेअरिंग जाम होतं. वस्तू काही शे रुपयांची. पण मॅनेजरने इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, भरायचा, परचेसने तीन कोटेशनं मागवायची, त्यावर शेठची सही हवी, आणि शेठ सुरतेला लग्नाला! लाइन दीड दिवस उभी. गुरुवारच्या मीटिंगमध्ये शेठ विचारणार, "तुमची ओनरशिप कुठे गेली?" कुठे जाणार, शेठ? तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे, चेकबुकाखाली! बेअरिंग आणायची मुभा नाही, ओव्हरटाइम लावायची नाही, कामचुकाराची पाळी बदलायची नाही, गिऱ्हाइकाला "माल दोन दिवस उशिरा येईल" असं खरं सांगायचीसुद्धा नाही. आणि शिकवायचं काय, तर तराफा!

ज्या गावात राहता तिथलं तरी आठवा. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि डिसेंबर 1881 मध्ये त्याच्या हाती संपूर्ण कारभार आला. मधली सहा वर्षं शिक्षण. राज्यकारभारावरची व्याख्यानं खुद्द दिवाण सर टी. माधवरावांनी दिली, म्हणजे जो राज्य चालवत होता त्यानेच शिकवलं. आणि शिकवून झाल्यावर अधिकार दिले. तुम्ही शिकवायला भाड्याचा माणूस आणता, स्वतः उद्घाटनाचा नारळ फोडून साडेदहाला निघून जाता, आणि अधिकार तर सोडाच, स्टोअरची किल्लीही देत नाही.

अहो, तुमचे मॅनेजर मंद नाहीत, तुम्ही त्यांचे हात बांधलेत. रिसॉर्टच्या पैशात काय होतं ते करून बघा. प्रत्येकाला पंचवीस हजारांपर्यंत सहीचा अधिकार द्या. दोघातिघांना एकेक खरं दुखणं सोपवा, गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल, नाही तर थकलेली वसुली. सहा महिने द्या, त्याचं बजेट द्या, आणि दर पंधरवड्याला अर्धा तास स्वतः समोर बसा, फोन बाहेर ठेवून. चुकतील. वीस-तीस हजार बुडतीलही. तराफ्याला त्याहून जास्त गेलेत. वर्ग घ्यायचाच तर तीन-तीन तासांचे सहा घ्या, कामाच्या दिवशी, मधे पंधरा-पंधरा दिवस सोडून, म्हणजे शिकलेलं करून बघता येईल. आणि पहिल्या रांगेत तुम्ही बसा, कारण ओरडायची सवय त्यांनी तुमच्याकडूनच उचललीय.

आणि हो, त्या शनिवार-रविवारच्या कॉम्प-ऑफचे, म्हणजे बदली सुट्टीचे, अर्ज सोमवारपासून तुमच्या टेबलावर पडलेत. आधी त्यांवर सह्या करा.