मुडदे नकोत, मूर्च्छा पुरे

खुल्या जगाचा व्हिडिओ गेम खेळताना या खेपेला कुणाचाही जीव घ्यायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय. छान केलंत. मागच्या खेपेला याच नकाशावर डाकू, शिपाई, कुठल्याशा पंथाचे भक्त आणि वाटेत आलेला एक बोलघेवडा दुकानदार असे सगळे तुम्ही सरसकट कापून काढले होते. पण ती सेव्ह फाइल वेगळी होती, आणि फाइल डिलीट केली की पापही डिलीट होतं. आता नवा चेहरा, नवी केशरचना, शुद्ध आचरण. पुढचे साठ-सत्तर तास मुंगीलाही न दुखवता राज्य उलथवायचं आहे. मुळीच अवघड नाही. थोडं तंत्र सांभाळावं लागतं, इतकंच.

आधी मृत्यूची व्याख्या नीट समजून घ्या. समोरचा मेला की नुसता पडला हे तुम्ही ठरवत नाही, डॉक्टर ठरवत नाही, तो स्वतः तर नाहीच नाही. ते ठरवतो त्याच्या डोक्यावरचा आयकॉन. कवटी दिसली तर खून, झोपेची चिन्हं तरंगली तर करुणा. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की हात मोकळा सुटतो. २०२० साली आलेल्या सायबरपंक २०७७ मध्ये तर फारच स्वच्छ विभागणी आहे: धार असेल तर हिंसा, बोथट असेल तर अहिंसा. कटानानं वार केलात तर तो गेला. तोच माणूस, तेच डोकं, पण हातात बेसबॉल बॅट किंवा दोन हातांनी उचलायचा घण असेल, तर तो नुसता विश्रांती घेतो. रेजिना जोन्स नावाच्या बाई तुम्हाला शहरभर पसरलेल्या १७ सायबरसायकोंची, म्हणजे अंगात बसवलेल्या यंत्रांपायी डोकं फिरलेल्या लोकांची, कामं देतात आणि शक्यतो जिवंत ठेवा म्हणून विनवतात, कारण त्यांना त्या लोकांवर उपचार व्हायला हवे आहेत. तुम्ही उपचारांना घणानं सुरुवात करून द्यायची. बाई खूश होतात. फक्त पडलेल्याला रागाच्या भरात आणखी एक ठेवून देऊ नका. पहिल्या वीस फटक्यांपर्यंत तुम्ही संत असता, एकविसाव्याला खुनी.

गळा आवळणं हा याहून सभ्य मार्ग. मागून जायचं, हाताची मिठी घालायची, तीन-चार सेकंद थांबायचं आणि अलगद जमिनीवर ठेवायचं. खेळाबाहेरचं मानवी शरीर मात्र याबाबतीत फार अडेलतट्टू आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते खरी, पण हात काढला की माणूस थोड्याच सेकंदांत डोळे उघडतो. तो उघडू नये म्हणून दाबून ठेवलं, तर पुढे जे होतं त्याला झोप म्हणत नाहीत. डोक्यावर फटका बसून कुणी अर्धा तास निपचित पडला, तर त्याला स्कॅनसाठी पळवतात. भूल देण्यासाठी तर वर्षानुवर्षं शिकलेला खास डॉक्टर लागतो. तो वजन बघून मात्रा ठरवतो आणि शेवटपर्यंत उशाशी बसून श्वास मोजतो. साध्या प्राण्याला गुंगीचा डार्ट मारला तरी तो आडवा होईपर्यंत काही मिनिटं जातात. मेटल गिअर सॉलिड ५ ला या कटकटी मान्य नाहीत. तिथे डार्ट पायाला लागला तर झोप जरा सावकाश येते आणि कपाळाला लागला तर त्याच क्षणी. कपाळावाटे औषध इतक्या वेगानं भिनतं, याचा शोध वैद्यकशास्त्राला अजून लागायचा आहे.

तर माणूस झोपला. आता त्याला ठेवायचं कुठे? हा खरा कौशल्याचा भाग, आणि नवखे खेळाडू इथेच घसरतात. डिसऑनर्ड हा काही पूर्ण खुल्या जगाचा खेळ नव्हे, पण घराणं तेच. तिथे बेशुद्ध पहारेकऱ्याला जिथे आडवा केला तिथेच टाकून गेलात तर उंदीर येऊन त्याला खातात, पाण्याच्या कडेला ठेवलात तर बुडतो, आणि दोन्ही खून तुमच्या नावावर चढतात. म्हणून जागा कोरडी, उंच आणि उंदीर न पोचणारी बघा. हवेचा डक्ट उत्तम. डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनमध्ये अनुभवी मंडळी एकाच डक्टमध्ये आठ-नऊ जण एकावर एक रचतात. खालच्याला श्वास घेता येतो का, असले प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नका. खेळ विचारत नाही. तिथली खरी अडचण वेगळीच: दुसऱ्या पहारेकऱ्यानं पडलेल्याला पाहिलं तर तो त्याला हलवून उठवतो आणि दोघं मिळून तुम्हाला शोधत येतात. मेलेला उठत नाही. दयेची किंमत अशी लगेच मोजावी लागते. त्याच खेळात २०११ साली बॉसना मात्र मारावंच लागायचं आणि ते खून ‘पॅसिफिस्ट’ या, कुणालाही न मारल्याबद्दलच्या ट्रॉफीच्या हिशेबात धरले जात नव्हते. मोठ्या माणसांचं सगळंच वेगळं.

निपचित पडलेल्या माणसाच्या खिशांबद्दल संकोच बाळगू नका. तुम्ही त्याला जीवदान दिलंय. त्या बदल्यात त्याचं चिलखत, बूट, खंजीर, नाणी आणि आतल्या खिशातलं बायकोचं पत्र घेणं म्हणजे माफक सेवाशुल्क. किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये १४०३ सालच्या बोहेमियातल्या शिपायाला तुम्ही अंगावरच्या शेवटच्या कपड्यापर्यंत सोलू शकता. खेळ थोडा कुरकुरतो, माल चोरीचा म्हणून नोंदवतो, पण तुमच्या अहिंसेवर डाग पडत नाही. पूर्ण कथानक कुणालाही न मारता संपवलंत तर एक मानाचं पदकही आहे. त्यात एकाच माणसाचा अपवाद: रंट नावाच्या डाकूला मारल्याशिवाय कथा पुढेच सरकत नाही. इथे सात खून माफ नाहीत, नेमका एक माफ आहे, तोही सक्तीचा.

आता कायद्याकडे वळू. स्कायरिमचा दंडविधान पाठ करून ठेवा: मारहाणीला ४० नाणी, खुनाला १०००. वरवर बघता दया स्वस्त पडते. पण त्याच पुस्तकात आणखी एक कलम आहे. गुन्हा पाहणारा शेवटचा साक्षीदार मेला की खेळ स्वतःच्या तोंडानं जाहीर करतो की तुमच्यावरचा दंड रद्द झाला. म्हणजे सगळ्यांना मारणारा निष्कलंक सुटतो, आणि एकाला ठोसा मारून बाकीच्यांना सोडून देणारा प्रत्येक वेशीवर अडवला जातो. सोडलेला प्रत्येक माणूस साक्षीदार असतो, हे विसरून उदार होऊ नका. तिथल्या डाकूंवर तर मुळीच. हेल्थ बार तळाला गेला की ते गुडघ्यावर येऊन जिवाची भीक मागतात. तुम्ही तलवार खाली घेता, तुमचा ऊर भरून येतो, आणि चार श्वासांनंतर तोच माणूस कुऱ्हाड घेऊन तुमच्या बरगड्यांत. शरण येणं ही त्यांच्याकडे दम खाण्याची सोय आहे. कथानकाला लागणाऱ्या मंडळींना मात्र कितीही मारा, ते एका गुडघ्यावर टेकतात, जरा वेळानं उठतात आणि पुढचं काम सांगतात. आणि हो, रिव्हरवूडच्या कोंबडीला हात लावू नका. ती मेली तर सारं गाव शस्त्रं घेऊन धावून येतं. ड्रॅगन आला तेव्हा एवढी एकी दिसली नव्हती.

हात कोरडे ठेवण्याची एक जुनी, खानदानी युक्ती आहे: काम दुसऱ्याकडून करवून घेणं. फॉलआउट ४ मध्ये माणसं न मारता शेवट गाठण्याचा प्रयत्न करणारे हेच करतात. डेथक्लॉ नावाचा चवताळलेला अजस्र प्राणी मागे लावून घ्यायचा, धावत रेडर्सच्या, म्हणजे लुटारूंच्या, तळात शिरायचं, दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं आणि टेकडीवर उभं राहून हळहळायचं. चित्रगुप्ताच्या वहीत फक्त तुमच्या बंदुकीच्या गोळ्या मांडल्या जातात. धावण्याचं खातं तो ठेवत नाही. २०१० सालच्या रेड डेड रिडेम्प्शननं तर ही कला राजमान्य केली. बाईला दोरानं करकचून बांधून रुळांवर ठेवायची आणि आगगाडी येईपर्यंत बाजूला थांबायचं. खेळ त्यासाठी अचिव्हमेंट देतो. दोर हे अहिंसक हत्यार आहे, आणि गाडी वेळेवर आली हा काही तुमचा अपराध नव्हे.

पण कोमल हृदयाच्या खेळाडूनं अभ्यास करावा असं खरं शिखर पुन्हा डिसऑनर्डमध्येच आहे. तिथे प्रत्येक मोठ्या शत्रूला न मारता दूर करायचा एक मार्ग ठेवलेला आहे. पेंडल्टन बंधूंचं उदाहरण घ्या. तुम्ही एका गुंडाशी सौदा करता, तो दोघांच्या जिभा कापतो, डोकी भादरतो आणि त्यांच्याच खाणीत मजूर म्हणून धाडून देतो. उरलेलं आयुष्य ते तिथे दगड फोडणार, आणि आपण कोण आहोत हे कुणाला सांगूही शकणार नाहीत. लेडी बॉइलच्या बाबतीत, तिच्यावर प्रेम असल्याचं सांगणारा एक मुखवट्यातला अनोळखी गृहस्थ मेजवानीत गाठतो. तुम्ही तिला बेशुद्ध करून खांद्यावर टाकता, तळघरात नेता, त्याच्या होडीत ठेवता आणि तो तिला घेऊन अंधारात निघून जातो. पुढे काय, ते विचारायचं नसतं. एका कट्यारीनं दोन सेकंदांत उरकता आलं असतं, पण मग तुम्ही क्रूर ठरला असतात. हा मार्ग घेतलात की खेळ तुमच्या पाठीवर थाप मारतो आणि शहरात उंदीर कमी होतात. लिहिणाऱ्यांना त्यातला उपरोध कळत होता, अशी माझी दाट शंका आहे. उंदरांना तो कळला नाही.

पकडलेल्यांना रोजगार देणं हीसुद्धा थोर दया. मेटल गिअर सॉलिड ५ मध्ये झोपलेल्या शिपायाच्या अंगाला फुगा बांधला की तो किंचाळत आकाशात जातो आणि काही वेळानं तुमच्याच तळावर निष्ठेनं कामाला लागलेला दिसतो. असॅसिन्स क्रीड ओडिसीमध्ये किल्ल्यातल्या सरदाराला बडवून बेशुद्ध करा; तो तुमच्या जहाजावर अधिकारी म्हणून रुजू होतो. मुलाखत नाही, पगाराची बोलणी नाही, घरी कळवणं नाही. याकुझामधले गुंड त्याहूनही सुसंस्कृत. खेळाचा नायक किर्यू त्यांच्या डोक्यात सायकल घालतो, मग तीच सायकल पुन्हा घालतो, आणि मारामारी संपली की ते उठून माफी मागतात. अपमान, जखम, भीती यांतलं काही मागे उरत नाही. सायकल तेवढी वाकते.

अपवाद आहेत, ते टाळलेले बरे. शॅडो ऑफ मॉर्डोरमधला ओर्क तुमच्या तावडीतून वाचला तर भाजलेला चेहरा घेऊन परत येतो, कुठे आणि कसं भाजलं ते चारचौघांत सांगतो, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला नकाशाभर शोधतो. असं जग भयंकर त्रासदायक. सुदैवानं या नेमेसिस पद्धतीचं पेटंट २०२१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला मिळालं. त्यामुळे इतर खेळांतले पहारेकरी शुद्धीवर आल्यावर मान चोळत ‘वारा असेल’ म्हणतात, ते बहुधा कायद्याच्या धाकानं असावं. बाल्डर्स गेट ३ मध्ये तर दया हे चक्क एक बटण आहे. ते सुरू ठेवलं की जवळून मारलेला शेवटचा फटका प्राण घेत नाही. बाण आणि मंत्र मात्र बटणाला जुमानत नाहीत. म्हणून प्रेम करायचं तर हाताच्या अंतरावरून करा, आणि बेशुद्धांच्या ढिगाशेजारी तुमच्या जादूगाराला आगीशी खेळू देऊ नका.

फॉलआउट: न्यू वेगासचा मोह मात्र कटाक्षानं आवरा. तिथे शेवटच्या लढाईत लेगेट लॅनियससारख्या राक्षसाला नुसतं बोलून माघारी धाडता येतं, पण त्यासाठी स्पीच, म्हणजे बोलण्याच्या कौशल्याचा आकडा, १०० पर्यंत वाढवत न्यावा लागतो, समोरचा काय म्हणतोय ते ऐकावं लागतं, त्याच्या सैन्याची रसद कुठवर पुरेल याचा विचार करावा लागतो. घण उचलणं यापेक्षा फार सोपं. शिवाय ऐकून घेतल्याची ट्रॉफी कुणाला दाखवणार?

राहता राहिला क्विकसेव्ह, म्हणजे खेळ हव्या त्या क्षणी साठवून ठेवायची सोय. तुमच्या शून्य खुनांच्या विक्रमामागे तोच उभा असतो. जिन्याच्या वरच्या पायरीवर गार्डचा गळा आवळलात, तो गडगडत खाली गेला आणि मान मोडली, तर लोड करा. दुसऱ्यांदा तो कठड्यावरून पडला, पुन्हा लोड. तिसऱ्यांदा विस्तवात. एकाच माणसाला एकाच रात्री हवा तितक्या वेळा मरू द्या, पण शेवटच्या खेपेला नीट पडला पाहिजे. फक्त सेव्ह करताना तो पडायच्या आधीचा क्षण आहे ना, एवढं बघा. चुकून नंतर सेव्ह झालं असेल तर मागची ऑटोसेव्ह शोधा. तीही नसेल, तर त्याला उचलून कपाटात ठेवा, दार लावा आणि आकडेवारीच्या पानावर जाऊन खुनांचा आकडा वाढलाय का ते तपासा. वाढला नसेल तर तो जिवंत आहे.