दुकानाबाहेरचे तीन फूट

आमच्या गावात अतिक्रमण हटाव मोहिमेलाही हंगाम असतो. दिवाळीआधी ती निघत नाही, व्यापारी नाराज होतात. निवडणुकीआधी तर नाहीच नाही. निघते ती साहेब नवे आले की, नाहीतर मंत्र्यांचा दौरा लागला की. यंदाही निघाली. बसस्टँडपासून गुजरीपर्यंतच्या मेन लाइनवर जेसीबी, मागे ट्रॅक्टर-ट्रॉली, सोबत पोलीस. ट्रॉलीत काय काय गेलं? भांड्याच्या दुकानासमोरच्या बादल्या, कापड दुकानाचे दोन पुतळे (एकाचा हात तिथंच पडून राहिला), आलूबोंड्याच्या हॉटेलची बाकडी, एका पानठेल्याचं टिन आणि चपला शिवणाऱ्या काकाजींची छत्री. संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फोटो आले, "मेन रोडने घेतला मोकळा श्वास".

आता जाऊन पाहा. जिथं बादल्या होत्या तिथं मोटरसायकली उभ्या आहेत. जिथं बाकडी होती तिथं एक चारचाकी सकाळपासून सावलीला लावलेली असते. पायी चालणाऱ्याला त्यातला एक फूटही मिळालेला नाही. बादली पायाने सरकवता येते, हँडल लॉक केलेली गाडी सरकत नाही. शाळेच्या पोरी आधी पुतळ्यांना वळसा घालून जायच्या, आता गाड्यांना वळसा घालून ट्रकसमोरून जातात. म्हणजे मोहीम झाली, सामान जप्त झालं, दंड झाला, आणि रस्ता गेला पार्किंगला. त्याला मात्र कोणी अतिक्रमण म्हणत नाही.

म्हणून हे लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: दुकानाबाहेर काहीच ठेवायचं नाही हा नियम आपल्या गावात पाळला जाणार नाही, आणि पाळला जावा असंही मला वाटत नाही. त्यापेक्षा उघडपणे तीन फूट द्या. रेघ मारा, त्याचं भाडं घ्या, चालायला जागा राखा, आणि तीच रेघ सगळ्यांना लावा. माझ्या भाऊजींचं याच लाइनवर भांड्याचं दुकान आहे, हे आधीच सांगून टाकतो. इथपर्यंत वाचून ते खूश होतील. पुढचं वाचून होणार नाहीत.

माल बाहेर कायले मांडता, असं शहरातून आलेले साहेब विचारतात. बाजाराच्या दिवशी दुपारी एखाद्या दुकानासमोर उभं राहून पाहावं. खेड्यावरून आलेली बाई, पायाला वावरातली माती, हातात थैली, ती काचेचं दार ढकलून एसीच्या दुकानात सहसा जात नाही. गेली तर पोरगा विचारतो, "काय पाह्यजे?" आणि तिला अजून ठरवायचंच असतं. तेच लुगडी, टॉवेल, चादरी बाहेरच्या टेबलावर असल्या की ती हात लावते, पोत पाहते, भाव विचारते, नाही पटला तर पुढे जाते. कोणाची लाज नाही, कोणाचं बंधन नाही. कापसाचा चुकारा हाती आला की त्याच टेबलावरून खरेदीला सुरुवात होते. भाऊजी म्हणतात तसं, "सामान आत ठेवलं तर गिऱ्हाईक बाहीरूनच जाते ना भाऊ." यात धंद्याचा स्वार्थ आहेच. पण त्या बाईचीही सोय आहे, आणि तिला मोहिमेच्या आधी कोणी विचारत नाही.

शिवाय आपली लाइन वर्षभर एकसारखी नसते. जूनमध्ये कृषी केंद्रासमोर बियाण्याच्या थैल्या आणि खताची पोती उतरतात. पोळ्याच्या आठवड्यात झुली, घुंगरं, बेगड, आणि तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलांच्या रांगा लागतात. ते बैल दुकानाच्या आत मांडले तर पोरं आपल्या बापाले हट्ट करतील कुठून? अक्षय तृतीयेला माठ, दिवाळीत पणत्या न् लाह्या-बत्तासे. हे सगळं एका "नो" मध्ये कसं बसणार?

आता भाऊजींना न आवडणारा भाग. माझ्या मते सामान आणि अतिक्रमण ओळखायची कसोटी अगदी सोपी आहे. रात्री शटर पडताना जे आत जातं ते सामान. जे बाहेरच राहतं ते अतिक्रमण. बादल्या, पुतळे, बाकडी आत जातात. नालीवर टाकलेला सिमेंटचा ओटा जात नाही, त्यावर बसवलेली टाइल्स जात नाही, पुढे काढलेलं लोखंडी शेड आणि त्याचे जमिनीत गाडलेले पाइप जात नाहीत. आमच्या लाइनवर नालीवर एवढे ओटे झालेत की सफाई कामगाराला गाळ काढायला जागा सापडत नाही. पहिल्या मोठ्या पावसात ते पाणी ओटेवाल्यांच्याच दुकानात शिरतं आणि मग तेच लोक नगरपरिषदेवर मोर्चा नेतात. जेसीबी ओट्यांवर चालायला पाहिजे. तो चालतो बादल्यांवर, कारण ओट्यामागे ओळखी असतात.

शेडबद्दल मात्र एक सूट मागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा दुपारी लाइनवर जी काय सावली असते ती दुकानदारांनी ताणलेल्या हिरव्या नेटचीच असते. झाडं रस्ता रुंदीकरणात गेली. मार्च ते जून, डोक्यावरून उंच, दोरीने बांधलेली, काढता येणारी नेट असेल तर तिला परवानगी नुसती द्यायची नाही, फी माफ करायची. त्या सावलीतून गिऱ्हाईक जातं तसं गिऱ्हाईक नसलेलाही जातो.

रस्त्याच्या कडेला बसून खाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. तर्री-पोहे आणि आलूबोंडा ही बंद खोलीत खायची वस्तू नव्हे, हे मान्य. पण आपल्याकडे उलटंच आहे: गिऱ्हाईक आत कोंबलेलं आणि उकळत्या तेलाची कढई रस्त्याच्या काठावर. वास गेला पाहिजे, तळताना दिसलं पाहिजे, म्हणून भट्टी पुढे. तिच्या बाजूला गॅसचं सिलिंडर, आणि हातभर अंतरावरून सायकलवाली पोरं. मला विचाराल तर नियम एका ओळीत लिहिता येतो: कढई आत, बाकडी बाहेर. बाकड्याने कोणी भाजत नाही.

आणि बाकड्यांवर बसतं कोण? चहाच्या टपरीबाहेरच्या बाकड्यावर बाई बसलेली तुम्ही आपल्या लाइनवर पाहिली का? मी पाहिलेली नाही. बाया खातात त्या गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर, उभ्याने, रस्त्याच्या काठावर, पाठीमागून हॉर्न वाजत असताना. नाहीतर मग हॉटेलच्या आतल्या "फॅमिली" लिहिलेल्या कप्प्यात, पडदा ओढून. म्हणजे उघड्यावर खायला आमच्या बायांना आवडतं, ते गुपचुपने सिद्ध केलेलं आहे. नाही ती बसायची जागा. बाकड्यांचं परवान्यात आलं, उजेडाची अट आली, खुर्च्या ओळीत आणि रस्त्याकडे पाठ न करता मांडायच्या असं ठरलं, पान खाऊन थुंकणाऱ्याला उठवायची जबाबदारी मालकावर आली, तर संध्याकाळी 7 नंतर तिथं घरची माणसं बसतील. आज ती जागा रिकामटेकड्यांची आहे, आणि पोरी तिथून मान खाली घालून जातात. बाकडी उचलून नेल्याने तो प्रश्न सुटत नाही, ते टोळकं तिथंच गाडीवर बसतं.

कोणी म्हणेल हे मोठ्या शहरांचे लाड आहेत. असू द्या, त्यांच्याकडून हिशेब तरी शिकू. पॅरिसमध्ये दुकानाबाहेर मांडलेला माल आणि हॉटेलबाहेरच्या खुर्च्या, दोन्ही एकाच नियमावलीत येतात. तिथं उन्हाळ्यासाठी बाहेर जादा खुर्च्या मांडायची मुदत 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर, रात्री 10 ला बंद, आणि फी भागाप्रमाणे वेगवेगळी. आपला हंगाम अर्थातच वेगळा. मे महिन्यात दुपारी बाहेर कोण बसणार? आपले महिने आपण ठरवू. पण महिना, वेळ आणि फी ठरवता येते एवढं तर कळलं. तसं आपल्याही नगरपरिषदेला हे जमतंच की. दिवाळीत फटाक्यांच्या दुकानांसाठी मैदानावर चुना टाकून, नंबर घालून जागा देतात. गणपतीच्या न् देवीच्या मांडवाला मुदत घालून परवानगी देतात. मग भाऊजींच्या बादल्यांना द्यायला काय हरकत आहे?

जागेचं माप मात्र पायी चालणाऱ्यापासून सुरू करायचं, दुकानापासून नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे फूटपाथवर किमान 1.8 मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट, अडथळ्याविना मोकळे हवेत. ते आधी सोडा. त्यानंतर उरलं तर दुकानदाराला तीन फूट. नाही उरलं तर दोन. सराफा गल्लीसारख्या ठिकाणी काहीच उरत नाही, तिथं शून्य. आणि जिथं द्याल तिथं मोटरसायकल उभी करायला बंदी, नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

हातगाडीवाल्यांचं वेगळं, कारण त्यांच्यासाठी कायदाच आहे आणि तो आमच्या लाइनवर कोणी वाचलेला दिसत नाही. रस्त्यावर विकणं हा धंदा करण्याच्या मूलभूत हक्कातच येतो, वाजवी बंधनांसह, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं. मग 2014 चा पथविक्रेता कायदा आला. तो नगरपरिषदांना आणि नगरपंचायतींनाही लागू आहे, फक्त नागपूर-अमरावतीला नाही. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कोणाला उठवू नका, असं त्यात स्पष्ट आहे. उठवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, म्हणजे 20,000 च्या गावात 500. मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती, तिच्यात निदान 40 टक्के विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी, त्यांच्यात एक तृतीयांश बाया. आपल्या समितीची बैठक शेवटची कधी झाली ते एखाद्या केळीवाल्या मावशीला विचारा. ती म्हणेल, "कोनती समिती, बाप्पा?"

गंमत अशी की या मावशीकडून रोज बाजाराची पावती फाडली जाते. ठेकेदाराचा माणूस येतो, पैसे घेतो, कागद देतो. 2020 पासून केंद्र सरकारच्या स्वनिधी योजनेत सुरुवातीला 10,000 रुपयांचं कर्ज मिळालं ते पथविक्रेता म्हणूनच. पावतीसाठी ती विक्रेती, कर्जासाठी लाभार्थी, आणि मंत्री आले की अतिक्रमण. त्याहून वाईट गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही: काही दुकानदार आपल्या दुकानासमोरच्या सरकारी रस्त्याचं भाडं हातगाडीवाल्याकडून महिन्याच्या महिन्याला घेतात. रस्ता गावाचा, भाडं शेठजीचं! माझ्या तीन फुटांच्या परवान्यात पहिली अट हीच हवी, की जागा दुसऱ्याला दिली तर परवाना रद्द.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या लाइनचा बसस्टँडकडचा तुकडा राष्ट्रीय महामार्गात येतो. तिथं नगरपरिषदेने परवानगी देऊन भागत नाही, महामार्गाच्या जमिनीसाठी 2002 चा वेगळा कायदा आहे. तिथली हद्द कुठवर हे आधी मोजून घ्यावं लागेल, आणि ज्या दुकानदारांचा पुढचा भाग त्यात जातो त्यांचा आवाज मोठा आहे. त्या तुकड्यावर मी तीन फूट मागत नाही. ट्रक जातात तिथं खुर्च्या नकोतच.

दुसरी भीती मला भ्रष्टाचाराची आहे. परवाना आला की परवान्याचे दलाल येतात. त्यावर मला सुचलेला उपाय एवढाच, की फी चौरस फुटाप्रमाणे ठरवा, दुकानाच्या शटरवर परवान्याचा नंबर आणि मापं रंगवा, आणि रस्त्यावर पिवळी रेघ मारा. रेघेच्या बाहेर बादली गेली की ती कोणालाही दिसेल, त्यासाठी साहेब लागणार नाहीत. आज फक्त साहेबांनाच दिसते, आणि त्यांनाही रोज दिसत नाही.

मधली काही वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता, तेव्हा कोणाकडे जायचं हेच कळत नव्हतं. 2025 च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या, आता नगराध्यक्ष आहेत, प्रभागाचे नगरसेवक आहेत. सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, आधी मेन लाइनच्या एकाच तुकड्यावर, गुजरीपासून सराफा गल्लीच्या तोंडापर्यंत, पोळा ते दिवाळी करून पाहावा, असा अर्ज मी लिहिला आहे. एक पान आहे. गुजरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला आहे, ज्यांना पटतं त्यांनी वाचून सही करावी. हातगाडीवाल्यांनी जरूर करावी, आणि लाइनवरून रोज पायी जाणाऱ्यांनीही, कारण आजवर या विषयावरचे सगळे अर्ज फक्त व्यापाऱ्यांचेच गेले आहेत. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी तो आवक-जावकला देणार आहे. मागच्या वेळी दिलेला कागद "सापडत नाही" म्हणाले होते, त्यामुळे या वेळी शिक्का आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही.