लाओफिस: ‘एक जाणकार वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

लाओफिसवरच्या लेखाखाली ‘एक जाणकार वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. तिथल्या चौकटीत माझं उत्तर मावेना, म्हणून ते इथे लिहिते आहे. लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीजवळ सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी घोणसीच्या कुळातला एक प्रचंड साप राहत होता. ब्रिटिश आरमाराचे कॅप्टन स्प्रॅट यांना त्याचे १३ मणके मिळाले आणि ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांवरून त्याचं नाव ठेवलं, लाओफिस क्रोटॅलॉइडीस. ते मणके पुढे हरवले. बऱ्याच वर्षांनी त्याच भागात आणखी एक मणका सापडला.

आता प्रतिक्रिया. जाणकारांचं म्हणणं असं: विष दगडात उरत नाही, तेव्हा मणक्यावरून साप विषारी ठरवणं म्हणजे ज्योतिष, ‘सर्वांत मोठा विषारी साप’ हे शीर्षक दिशाभूल करणारं, कारण नागराज याहून लांब असतो, लाओफिसचं २६ किलो वजन कुठून आणलं, आणि ओवेन यांच्या निबंधाचं साल चुकलं आहे. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: “मॅडम, हाड कधी हातात तरी घेतलंय का?”

सालाचं आधी. मी १८७५ लिहिलं होतं, ते १८५७ हवं. आकडे उलटे पडले, चूक माझी. मनापासून आभार.

आता त्या ‘मॅडम’कडे वळते. हा शब्द आदराने कसा उच्चारतात आणि कसा फेकतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. याच लेखाखाली कुणा सरांचं नाव असतं तर हा प्रश्न आला असता का? असो. विचारलंच आहे तर सांगते. हो, घेतलंय. एकदोन नव्हे, शेकड्यांनी.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या विभागातलं एक जुनं कपाट आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आत सापांचे सांगाडे होते. तारा गंजून तुटल्या होत्या आणि अजगर, धामण, घोणस, पाणदिवड अशा सगळ्यांचे मणके दोन खोक्यांत एकत्र झाले होते. एका सापाला दोनशेच्या वर मणके असतात, हिशेब तुम्हीच करा. चार महिने दुपारच्या दुपार मी ते निवडत बसायचे. अजगराचे चटकन कळतात, रुंद आणि जाडजूड. खरी कसोटी पुढे लागते. मणका उलटा करून त्याच्या पोटाची बाजू बघायची. धामणीच्या धडाच्या मागच्या भागातल्या मणक्यांना तिथे नुसती कड असते. घोणसीला मात्र धडाच्या शेवटापर्यंत प्रत्येक मणक्याखाली लांब, सरळ काटा असतो. महिन्याभरात मी तो डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने ओळखायला लागले. पाणदिवडीलाही तसा काटा असतो आणि ती बिनविषारी, हे तुम्ही आता म्हणणार. म्हणा. पहिल्या आठवड्यात मीही तिचे मणके घोणसीच्या ढिगात टाकले होते आणि सरांची बोलणी खाल्ली होती. पण तिचा काटा वळलेला असतो. शिवाय एकट्या काट्यावर कुणी निकाल देत नाही. मणक्याची कमान किती चपटी आहे, बरगडीच्या सांध्याखालचं टोक पुढे-खाली झुकलंय का, सांध्याचा गोळा केवढा आहे, हे सगळं जुळावं लागतं. याला ज्योतिष म्हणत असाल तर तुमचा ज्योतिषी फारच मेहनती दिसतो.

कूळ एकदा ठरलं की विषाचा प्रश्न उरतोच किती? या कुळातला आज जिवंत असलेला एकही साप बिनविषारी नाही. आणि दगडात विष उरत नसलं तरी विषदंत उरतात. जर्मनीत मायोसीन या भूवैज्ञानिक काळाच्या सुरुवातीच्या थरांत, म्हणजे लाओफिसच्याही दीड कोटीहून जास्त वर्षं आधीचे, या कुळातल्या सापांचे पोकळ विषदंत सापडले आहेत, आणि ते आजच्यासारखेच आहेत. पूर्वजांकडे होते, आजच्या भाऊबंदांकडे आहेत आणि मधल्या एकट्या लाओफिसने तेवढे काढून ठेवले, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुरावा द्यावा. ती जबाबदारी माझी नाही.

नागराज लांब असतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तो पाच मीटरच्या वर जातो, लाओफिसचा अंदाज तीन-चार मीटरचा. पण ‘मोठा’ म्हणजे फक्त ‘लांब’ असं कुठल्या शब्दकोशात दिलंय? आफ्रिकेतली गबून घोणस जेमतेम दोन मीटरची असते, तरी तिला या कुळातली सर्वांत वजनदार म्हणतातच ना! शीर्षक बदलणार नाही.

राहिले २६ किलो. तो आकडा मी घरी तराजू लावून काढलेला नाही. २०१४ साली बर्लिनच्या पुराजीवशास्त्र परिषदेत हा नवा मणका मांडला गेला, तेव्हाच्या बातम्यांत तो आला होता. एका मणक्यावरून वजन काढताना अंदाज मागेपुढे होणारच. मी ‘सुमारे’ लिहिलंय, आणि तो शब्द वाचायचा असतो.

एक मात्र खटकलं. ओवेन यांनी ‘क्रोटॅलॉइडीस’ म्हणजे खुळखुळ्या सापासारखा असं नाव दिलं, यावरून अमेरिकेतला साप ग्रीसमध्ये कसा, हा खरा रंजक प्रश्न होता. सारखेपणा मणक्यांच्या घडणीतला होता, शेपटीच्या खुळखुळ्याचा नव्हे, यावर मी दोन परिच्छेद लिहिले होते. जाणकारांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. सालाच्या चुकीपर्यंत पोचून थांबले असावेत.

साल आज सकाळीच दुरुस्त केलं आहे. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तर ‘मॅडम’सकट छापेन.