'घरचीच माणसं आहेत': काजूवाल्यांच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखानदारांत एक मेसेज फिरतोय. सार असं: अंतर्गत नियंत्रण, म्हणजे चूक-चोरी वेळीच कळावी म्हणून धंद्यात लावलेली तपासणीची शिस्त, हे मोठ्या कंपन्यांचं खूळ, कायदा आपल्याला लागत नाही, माणसं घरची, व्यवहार विश्वासावर, आणि सीए बघतोच.

'कायदा लागत नाही.' हे अर्धं खरं. वित्तीय नियंत्रणांवर ऑडिटरने मत द्यायचं, ही अट 2013 च्या कंपनी कायद्यातली. लहान खासगी कंपन्यांना 2017 मध्ये त्यातून सूट मिळाली. प्रोप्रायटरी (एकट्या मालकाच्या) आणि भागीदारी धंद्याला ती अट कधी नव्हतीच. पण खरेदीचं व्हाउचर बघा. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिली, तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. काजूची बी खुद्द बागायतदाराची असेल तर सवलत आहे. गावोगाव गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याची असेल तर नाही. जीएसटीत उलटं. बागायतदाराकडून सालासकट बी घेतली, की नोंदणी असलेल्या कारखानदारानेच रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, 5 टक्के कर भरायचा आणि बिलही स्वतःच करायचं.

म्हणजे 'विकणारा कोण' या एका रकान्यावर दोन्ही कर अवलंबून. आणि तिथे लिहिलेलं काय असतं? 'बी खरेदी, रोख.' बस्स! नाव, गाव, स्वतःची बाग की व्यापारी, वजन, दर, सही. हे भरल्याशिवाय गल्ल्यातून पैसे सुटणार नाहीत, एवढाच नियम करायचा आहे. धंद्याचं काम वेगळं नि कायद्याचं वेगळं, असं काट्यावर काही नसतं.

'विश्वास पुरे.' ज्या अमेरिकी चौकटीवर हा सगळा विषय उभा आहे, ती कोसो (1992, सुधारित 2013), तिच्या 17 तत्त्वांतलं पहिलंच सचोटीचं आहे. विश्वास नको असं कोणी म्हणतच नाही. पण भाचाच वजन करतो, तोच पैसे देतो, तोच वही लिहितो. 80 किलोच्या पोत्याला साधारण 20 किलोच्या आसपास गर उतरायला हवा, तो कमी उतरला. बी ओली होती? कटिंगला तुकडा जास्त पडला? की पोतंच बाहेर गेलं? लॉटवार बी, गर, पाकळी (अर्धा झालेला गर), तुकडा लिहिलेलं नसेल तर सज्जन भाच्याकडेही दाखवायला काही नाही, आणि कुजबुज त्याच्याच नावाने.

ग्रेडिंगला तर आणखी गंमत. डब्ल्यू 240 ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे पौंडाला 220 ते 240 नग; 320 म्हणजे 300 ते 320, गर बारीक. ग्रेडिंग करणाऱ्याच्याच हाती स्टॉकची वही असेल, तर 240 चा डबा 320 म्हणून गेला तरी वजन बरोब्बर जुळतं. फरक फक्त भावात पडतो.

'एवढी माणसं कुठून आणायची?' नको आणायला. वजन एकाने, पैसे दुसऱ्याने. बँकेचं स्टेटमेंट मालकाने स्वतः बघावं, आणि मधूनच एखादा डबा फोडून पौंडभर गर मोजावा.

'सीए बघतोच.' बघतो, पण कागद. आणि तेही सीझन उलटल्यावर. जे पोतं वहीत आलंच नाही, ते त्याला दिसणार कुठून? एप्रिलच्या व्हाउचरवर बोट ठेवून सप्टेंबरात तो विचारणार, 'हा कोण?', तर तोवर काट्यावरचा माणूसही मुंबईला गेलेला असतो.