गाडी घ्या, पण खाली वाकून बघू नका

चतुर्थीला मुंबईकर येणार, त्यांना कुडाळ स्टेशनवरून आणायला दारात गाडी पाहिजे, हातात पंधरा दिवस आणि अडीच लाख. सेकंडहँड गाडी घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. घाईत असलेला माणूस खोड काढत बसत नाही.

गाडी बघायला भर पावसातच जा. ओल्या गाडीचा कलर काय चमकतो हो, पुट्टी कुठे भरलीय, कुठला दरवाजा नंतर रंगवलाय, काही कळायचं टेन्शनच नाही. खाली मात्र वाकू नका. आपल्याकडची गाडी वरून म्हातारी होत नाही, खालून होते. खारी हवा, चार महिने चिखल, आणि त्यात मालकाला पाहुणे आले की गाडी पुळणीत घालायची हौस, मग लाटेत चाकं बुडवून फोटो, आणि घरी आल्यावर खालून गोडं पाणी मारायचा कंटाळा. चॅसी, सायलेन्सर, ब्रेकचे पाइप सगळे गंजत बसलेले असतात. विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी खालून काळंकुट्ट कोटिंग मारलं असेल तर त्याचं कौतुक करा, गाडीवर जीव आहे त्याचा. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघू नका. आत गेला तर उगाच दोघांनाही वाईट वाटतं.

गाडी चिपळूणची निघाली तर २०२१ सालचा जुलै अजिबात आठवायचा नाही. २२ तारखेला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा ही गाडी कुठे होती, हा प्रश्न विचारणं म्हणजे माणुसकी सोडणं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर कधी कधी आत गाळाची रेघ सापडते, म्हणून लागेल तेवढाच ओढा. कार्पेट उचलू नका, सीटचे गंजके नट दिसतील. आत मोगऱ्याचा परफ्यूम गच्च मारलाय? मालक रसिक आहे. पुराचं पाणी उतरतं पण वायरिंगमधून जात नाही, सॉकेट आतून हिरवे पडतात आणि मग एक दिवस काच आपोआप खाली येते. त्याला टॉप मॉडेलचं फीचर म्हणायचं.

गाडी २०१७ ची, मीटर ४२ हजार, आणि क्लच पेडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय. टायरवर २३२४ लिहिलंय, म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एवढ्या कमी रनिंगमध्ये दुसरा सेट कसा? शौक एकेकाचा.

ट्रायल सपाट हायवेवर घ्या, एसी आणि गाणी फुल्ल. फोंडा घाटात नेऊ नका, तिथे क्लच घसरायला लागला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर ती आपुलकी समजा, थंड इंजिनचा पहिला निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय, तुम्हाला बघायला लागू नये म्हणून केलेली. ऑइलच्या झाकणाखाली साय धरली असेल तर झाकण परत लावा, ऑइलमध्ये पाणी गेलंय की काय ते नंतर बघू.

कागद? गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की झालं, आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते घरी जाऊन वाचता येतं.

आणि ओळखीच्या मिस्त्रीला अजिबात न्यायचं नाही. मी नेला होता, पण पैसे दिल्यावर. तो गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "गाडी बरी आसा ओ, फक्त खालसून बघू नको." तेवढ्यात जुना मालक धावत आला, सॉरी सॉरी म्हणत डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती उचकटून खिशात टाकला आणि गेला. मिस्त्री त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

"तोच एक पार्ट ओरिजिनल होतो."