आबांची वही आणि जळव्या

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. पुण्यात असते, आबांची गुऱ्हाळाची जुनी वही टाईप करून ठेवालीय. म्हणाली, "मामा, आबा रवा विकायचे काय? उपम्याचा?" मी एवढा हसलो की आतनं बायको उठून आली. आता आमच्याकडं कोल्हापूरला मार्केट यार्डात रवा म्हटलं की गुळाची ३० किलोची ढेप, हे तिला कोण सांगणार. कोश उघडून बसली होती बिचारी, आणि शब्द सापडला तरी अर्थ भलताच चिकटवून मोकळी.

म्हटलं कोश ठेव बाजूला आणि वहीच नीट बघ. वहीत काय, "मंगळवार. आदण ५. रवे ३५." खाली "आदण ४. रवे २९." पोरगी हिशोबाची पक्की, भागाकार करत बसली, कुठंबी बघितलं तर एका आदणाला सात-साडेसात रवे. मग तिचं तिलाच उमगलं की आदण म्हणजे एक काहील, म्हणजे मोठ्ठी कढई भरून रस चढवून गूळ उतरवायचा एक घाणा. भाताला आदण ठेवतात तेच की हे, फक्त पातेलं मोठं!

पुढं एका पानावर "जळव्या आला न्हाई, आदण २च." हिचा प्रश्न, आबांवर जळणारा कोण होता काय म्हणून 😂 अगं, गूळ करणारा गुळव्या, तसा काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारून जाळ धरणारा जळव्या. तोच आला नाही तर रस काय उन्हात आटवायचा?

माझा कोशावर राग नाही हां. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दाते-कर्व्यांचा शब्दकोश १९३२ पास्नं पुढं सात खंड, त्या माणसांनी आयुष्य घातलंय त्यात. डोकं फिरतं ते कोशात नाही म्हणजे शब्दच नाही म्हणणाऱ्यांवर. सातवीत निबंधात मी "चुलवाण" लिहिलं तर बाईंनी लाल गोल करून वर "चूल" लिहिलं. चूल आणि चुलवाण एकच असतंय होय? एकावर चहा होतो, दुसऱ्यावर माणसाएवढी रुंद काहील बसते.

आणि फोनचं तर विचारूच नका, "करालोय" टाईप केलं की त्याचं "कराल" करून टाकतो. करायला लागलोय, तेच बोलताबोलता करालोय झालं, एवढं साधं आहे. पण त्याला वाटतं मी समोरच्याला अहो-जाहो करतोय.

काल भाचीला मेसेज टाकला, वही कुठवर आली. पुण्यात वाढलेली पोरगी, तिचं उत्तर आलं, "मामा जेवालोय, नंतर करतो फोन."